तामांचे टायर

तामांनी पिकअप टायरच्या दुकानासमोर लावली, तेव्हा इंजिन बंद व्हायच्या आतच दुकानाचा मालक, तौके सिओंग, बाहेर येऊन चारही चाकांभोवती एक चक्कर मारून उभा राहिला होता.

"अंकल, हे टायर नाहीत, हे गोटे आहेत. नदीतले. यांच्यावर बसून तुम्ही बारिओहून खाली आलात?"

"बसून नाही, चालवून आलो," तामा म्हणाले. "आणि मागे माणसं होती. विचार त्यांना, एकाला तरी जाग आली का."

त्यांची लेक सुपांग शेजारच्या सीटवरून उतरली; तामा म्हणजे वडील, तिची त्यांना हाक. ती इथे मिरीत राहून शाळेत शिकवायची; शाळेला सुट्टी होती, म्हणून ती बापाबरोबर निघाली होती. मिरीत त्यांची कामं संपत नसत. गावातल्या निम्म्या घरांनी काही ना काही सांगितलेलं असे. कुणाची औषधं, कुणाचे शाळेचे बूट, कुणाच्या फ्रीजच्या दाराचं रबर. ही सगळी यादी तामांच्या डोक्यात असायची आणि चुकायची नाही. पण सगळ्यांत आधी टायर, असं त्यांनी निघतानाच बजावलं होतं.

मिरी शहरातून वर डोंगरातल्या बारिओला जाणाऱ्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाची काही ना काही ख्याती आहे. कुणी वेगासाठी ओळखला जातो, कुणी गाण्यांसाठी. एक जण वाटेत भेटेल त्या रानडुकरासाठी गाडी थांबवतो, म्हणून घाई नसलेले लोक त्याच्याच गाडीत बसतात. तामांची ख्याती झोपेची होती. मिरीत पोचल्यावर किंवा वर गावात पोचल्यावर ते आधी सामान उतरवत नसत. मागचं दार उघडून एकेकाला विचारत, "झोप लागली का?" आणि माणूस डोळे चोळत, गालावर सीटची नक्षी उमटलेली, मान हलवायचा. मग तामा असे हसायचे, जणू भाडं त्यातच मिळालं.

दुकानात दोन ढीग होते. एकीकडे चिखलाचे टायर, बोटभर उंच ठोकळ्यांचे, मधे खोल खाचा. बघूनच वाटावं की डोंगर उकरून काढतील. दुसरीकडे सगळ्या वाटांचे टायर. त्यांच्यावरही ठोकळे होते, पण लहान आणि जवळजवळ बसवलेले. तामा आजवर दुसऱ्या ढिगातलेच घेत आले होते.

"या खेपेला चिखलाचे घ्या," तौके म्हणाला. "तुमच्या रस्त्यावरचे सगळे तेच नेतात."

"सगळे म्हणजे हाच ना?" तामांनी दाराकडे हनुवटी उडवली. मुतांग अंकल आत येत होते. तामांच्याच वयाचे, एकाच लाँगहाउसमध्ये, म्हणजे अनेक कुटुंबांच्या एका लांबलचक घरात, लहानाचे मोठे झालेले. त्यामुळे तामांना अजून पोरपणच्याच नावानं हाक मारणारे.

"लिआन, या वेळी तरी शहाणा हो," मुतांग अंकल म्हणाले. "तुला ओढून ओढून माझा दोर झिजला."

"नवा घे की."

"जळवांच्या चढावर मी तुझ्यासाठी थांबतो, ते काय प्रेमानं थांबतो असं वाटतं तुला?"

"मग कशानं थांबतोस?"

"तुझी फजिती बघायला."

तौके पोट धरून हसला. तामाही हसले, पण टायरवरून हात फिरवत राहिले.

जळवांचा चढ म्हणजे निव्वळ लाल माती. कोरडा असला तर पोरंही सायकल चढवतात. पाऊस पडला की तिथे माणूस उभा राहू शकत नाही. चिखलाच्या टायरवाले धडपडत, घसरत, शेवटी चढून जात. तामा पाऊण चढ जात, मग उतरत, पँट दुमडत आणि पुढच्या गाडीचा दोर मागत. ज्याच्याइतकं चांगलं त्या रस्त्यावर कुणी चालवत नाही असं सगळे मानत, तोच माणूस वर्षातून कितीदा तरी दोरावर वर जाई. सुपांगला लहानपणापासून हे कोडं होतं. पुढे तिनं त्याला हट्टीपणा असं नाव देऊन टाकलं आणि कोडं मिटवलं.

"घ्या ना तामा," ती म्हणाली. "दर वेळी दुसऱ्याच्या दोरावर चढायचं. बरं दिसतं का?"

"त्यांचा आवाज होतो."

"होऊ दे. मी नाहीतरी तुमच्या गाडीत कधी झोपत नाही."

तामांनी टायर सोडला आणि हात पुसले. "ते माहीत आहे मला. बघ मुतांग, सगळी दुनिया झोपते माझ्या गाडीत. तान्ही पोरं झोपतात, कोंबड्या झोपतात. माझी एकुलती एक लेक तेवढी डोळे टक्क उघडून बसते. इतकीशी होती तेव्हापासून. बापाच्या हातांवर भरवसा नाही तिचा."

हे त्यांनी हसतच म्हटलं. सुपांगच्या ओठांवर उत्तर आलं होतं. ते उत्तर जुनंच होतं. पण त्यांच्या लोकांत तोंडावर कुणाची स्तुती करत नाहीत. शेत सोन्यासारखं पिकलं तरी विचारणाऱ्याला 'बरंय' म्हणायचं, आणि शेजाऱ्याचं पिकलं तर कुंपणाची चौकशी करायची. ती म्हणाली, "ऊन चढतंय. काय ते ठरवा."

"दोन्ही बाजूला काढून ठेव," तामांनी तौकेला सांगितलं. "एक रात्र मधे जाऊ दे. उद्या सांगतो."

मग त्यांनी बूट घेतले, औषधं घेतली, रबर घेतलं. दुपारी नूडल्स खाल्ल्या आणि तामांनी नेहमीप्रमाणे तक्रार केली की शहरातल्या जेवणानं पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही. संध्याकाळी त्यांनी तिच्या घरी मोरीतला गळका नळ दुरुस्त केला, सांगितलेलं नसताना. लवकर झोपले.

सकाळी ती कॉफी घेऊन त्यांच्या खोलीत गेली. कूस न बदलता, तोंड भिंतीकडे करून, एक हात उशीखाली घालून ते झोपले होते. तिनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही. कॉफीचा पेला खाली ठेवला आणि त्यांच्या पायाशी बसली.

*

झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. मिरीतले गाववाले जमले, चर्चमधले लोक आले, बायकांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. वर कसं न्यायचं, हा प्रश्न निघाला. डोंगरावर ढग बसले होते आणि छोटं विमान कधी उडेल याचा भरवसा नव्हता.

"विमानानं कशाला?" तेपो बुलान म्हणाल्या. तेपो म्हणजे आजी; त्या कुणाच्या सख्ख्या आजी नव्हत्या आणि सगळ्यांच्या होत्या. तपासणीसाठी तामांच्याच गाडीतून खाली आल्या होत्या. "जन्मभर रस्त्यानं गेला तो. आता ढगातून गेला तर वाट चुकेल."

"माझ्या गाडीतून नेऊ," मुतांग अंकल म्हणाले. "वर आठवडाभर पाऊस आहे. माझे टायर चिखलाचे आहेत."

"तामा त्यांच्या गाडीतून जातील," सुपांग म्हणाली. "मी चालवीन."

गाडी तिला येत होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तामांनीच शिकवली होती; त्या रस्त्यावर तिनं ती बरीच चालवलीही होती. पण शेजारी ते असत.

मुतांग अंकलनी तिच्याकडे नीट बघितलं. "चालव. तुझा हक्क आहे. पण त्या गोट्यांवर नाही. चल, आत्ताच जाऊन चिखलाचे घालून घेऊ. पेटी घेऊन चढावर अडकलीस तर कसं दिसेल ते?"

कसं दिसेल. कालच तिनं हेच विचारलं होतं.

ती त्यांच्या गाडीत बसली. तेपो बुलानना वाटेत भाचीकडे सोडायचं होतं, त्या मागे बसल्या. गाडी डांबरी रस्त्यावर आली आणि टायर गर्जायला लागले. सुपांग या गाडीत यापूर्वी बसली नव्हती असं नाही, पण आज तिनं ऐकलं. सीटमधून, काचेतून, दातांतून तो आवाज येत होता. मुतांग अंकल ओरडून बोलत होते आणि आपण ओरडतो आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"मुतांग, ही गाडी आहे की भाताची गिरणी?" तेपो मागून ओरडल्या.

"गिरणीच! पण चढावर थांबत नाही, तेपो!"

"मी काय चढावर राहते? लिआनच्या गाडीत लापोकचं वळण यायच्या आत माझे डोळे मिटायचे. पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यानंच घरी नेलं ना मला. टाके ओले होते. मला वाटलं, मरते मी या रस्त्यात. तर झोपले! सगळी वाट झोपले. चढावर जाग आली, बघते तर हा चिखलात उभा राहून दोर बांधतोय. म्हटलं, लेका, बरे टायर घे की. लोक हसतात तुला."

"काय म्हणाले?" सुपांगनं मागे वळून विचारलं.

"काय म्हणणार? म्हणाला, तेपो, चढ घटकाभराचा असतो, रस्ता दिवसभराचा." तेपो खिडकीबाहेर बघत राहिल्या. "मी काही विचार केला नाही त्याचा. पुन्हा झोपले."

तेपोंना सोडल्यावर, गाडी पुन्हा चालू करायच्या आधी, मुतांग अंकल स्टिअरिंगवर हात ठेवून बसले.

"मला नाही कधी बोलला हे," ते म्हणाले. "मी इतका चिडवायचो. मला म्हणायचा, मुतांग, तुझा दोर आणि माझी अब्रू, दोन्ही मजबूत आहेत, ओढ बिनधास्त."

सुपांगला तामांच्या गाडीतली माणसं आठवत होती. हॉस्पिटलात खाली जाणारी, हॉस्पिटलातून वर येणारी. ओल्या बाळंतिणी. तो शिक्षक, ज्याला घरी मरायचं होतं आणि जो घरी पोचला. अख्ख्या रस्त्यावर सर्वांत मानी माणूस कोण असं विचारलं असतं, तर तिनं आपल्या बापाचं नाव घेतलं असतं. आणि त्या माणसानं वर्षानुवर्षं, पाऊस पडेल त्या प्रत्येक खेपेला, जाणूनबुजून चिखलात उतरून दोर मागितला होता. मागे कुणीतरी झोपलं होतं म्हणून.

दुकानात तौकेनं दोन्ही ढीग तसेच बाजूला ठेवले होते. त्याला कळलं होतं. तो उगाच टायरवरची धूळ झटकत राहिला.

"अंकल आज सांगणार होते," तो म्हणाला. "कुठले घालू?"

"सगळ्या वाटांचे," सुपांग म्हणाली.

"पोरी!" मुतांग अंकलच्या तोंडून निघून गेलं. "आता कुणाची झोप सांभाळायची आहे तुला?"

बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांनी टोपी काढली.

"आहे ना एकाची," ती म्हणाली.

तौके जॅक आणायला वळला. मुतांग अंकल बाहेर गेले. खिडकीतून तिला दिसलं, ते आपल्या गाडीच्या मागच्या बाजूला बसून दोर हातभर हातभर उलगडून, कुठे पीळ सुटला आहे का ते तपासत होते.

*

पहाटे प्रार्थना झाली. पिकअपचा मागचा फळका पाडून पेटी आत सरकवली, ताडपत्री घातली, दोरांनी आवळली. पुढे मुतांग अंकलची गाडी, मागे पिकअप चालवत सुपांग, तिच्या मागच्या सीटवर तेपो बुलान, मांडीवर पानात बांधलेल्या मऊ भाताची पुडकी घेऊन. "मी झोपले तर उठवू नकोस," त्या म्हणाल्या आणि लापोकच्या वळणाआधीच झोपल्या.

डांबर संपलं. खडी सुरू झाली. नव्या टायरचा आवाज येत होता, पण तो भात शिजताना झाकणाखालून येतो तेवढाच. सुपांग तामांसारखी चालवत होती. तसं तिनं ठरवलं नव्हतं. हातच तसे चालत होते. लाकडी पुलाच्या आधी वेग सोडायचा आणि फळ्यांवर चाक अलगद ठेवायचं, आदळायचं नाही. खड्डा चुकवायला हिसका द्यायचा नाही. आधीच बघायचा आणि हळूच बाजूला व्हायचं, म्हणजे झोपलेल्याची मान कलंडत नाही. समोरून लाकडाचा ट्रक आला तर धूळ बसेपर्यंत थांबायचं. या सगळ्याचे धडे कुणी दिले नव्हते. गाडी शिकवताना तामा फक्त ब्रेक आणि गिअर बोलले होते. बाकीचं ती शेजारी बसून, वर्षानुवर्षं, डोळे टक्क उघडे ठेवून शिकली होती.

बातमी रस्त्यानं पुढे गेली होती. समोरून येणाऱ्या गाड्या कडेला उभ्या राहत. चालवणारे खाली उतरून इंजिन बंद करत. एकानं पुढे येऊन तिच्या चाकांकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि मान डोलावली.

"त्याचेच टायर," तो म्हणाला.

"त्यांचेच," सुपांग म्हणाली.

जळवांच्या चढाखाली पोचेपर्यंत पाऊस थांबला होता, पण माती गुळासारखी झाली होती. मुतांग अंकलची गाडी दोनदा मागे घसरली, ओरडली, माती उडवत वर गेली. सुपांगनं उतरून चाकांतली हवा थोडी कमी केली. पुन्हा बसली. डावी चाकं गवताच्या कडेवर, उजवी मधल्या उंचवट्यावर. खालचा गिअर, एकच लय. 'चिखलाशी भांडायचं नाही,' तामा म्हणायचे, 'तो रिकामटेकडा आहे, आपल्याला जायचंय.' निम्मा चढ गेला. पाऊण गेला. मग चाकं जागच्या जागी फिरायला लागली, तशी तिनं पाय काढून घेतला. गाडी जिथे होती तिथेच बसली. तामांची गाडी नेहमी बसायची, त्याच्या दोन हात इकडे किंवा तिकडे.

मागे आणखी दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या. माणसं उतरून बघत होती. तिनं पँट दुमडली आणि चिखलात पाय टाकला. वरून मुतांग अंकल दोर घेऊन उतरत होते.

"राहू दे, मी बांधतो," ते म्हणाले. "तू गाडीत बस. लाज वाटायचं कारण नाही."

"लाजतंय कोण?" ती म्हणाली. आवाज मोठा होता, खाली उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेला. "आणा इकडे."

तिनं दोर स्वतः बांधला, तामा बांधायचे तीच गाठ, ओढताना घट्ट होणारी आणि नंतर एका बोटानं सुटणारी. मुतांग अंकलनी गाठ बघितली, पण ओढून तपासली नाही. गाडीकडे जाता जाता ते थांबले.

"एरवी मी सुरुवातीला मुद्दाम झटका द्यायचो," ते म्हणाले. "त्याला चिडवायला. मग तो खिडकीतून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, पण हळू आवाजात. मला वाटायचं, मोठ्यानं शिव्या द्यायला लाजतो. चर्चचा माणूस म्हणून."

"मागे कुणीतरी झोपलेलं असायचं," सुपांग म्हणाली.

"हं," मुतांग अंकल म्हणाले.

त्यांनी झटका दिला नाही. दोर असा हळूहळू ताणला गेला की कधी गाडी हलली ते तिलाही कळलं नाही. माथ्यावर पोचल्यावर तेपो बुलाननी एक डोळा उघडला.

"चढ आला का?"

"गेला, तेपो."

"बरं," त्या म्हणाल्या आणि डोळा मिटला.

*

बारिओत सगळं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं होतं. डोंगरावरची थंडी उतरायला लागली होती. चुलींचा धूर भाताच्या खाचरांवर पसरला होता. गाडी घरासमोर थांबली, तसे गावातले सर्वांत वयस्क गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी तामांचं नाव उच्चारलं. लिआन नाही, मोठेपणचं नाव, मारान अयू. त्यांच्यात पहिलं मूल झालं की आईबाप पोरपणचं नाव टाकतात आणि सगळ्या गावाला जेवण घालून नवं नाव घेतात. हे नाव तामांना सुपांगच्या जन्मानं मिळालं होतं. लहानपणी तिला याची फार ऐट होती, की बापाचं नाव मी आणलं. आज ते नाव खाचरांवरून पलीकडे गेलं आणि तिला तीच ऐट पुन्हा वाटली, तेवढीच, लहानपणची.

माणसं पेटीला हात लावायला पुढे झाली.

"थांबा," सुपांग म्हणाली. "अजून उतरवायचं नाही."

ती मागे गेली. ताडपत्रीचे दोर सोडले. फळक्यावर चिखलाचे शिंतोडे होते, पण पेटी निघताना होती तिथेच होती, बोटभरही सरकलेली नव्हती. तिनं लाकडावर तळवा ठेवला. मुतांग अंकल, तेपो, रस्त्यावरचे सगळे चालवणारे, ज्यांना तामांनी कधी ना कधी मागचं दार उघडून विचारलं होतं ती सगळी माणसं, गाडीभोवती उभी होती.

"तामा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "झोप लागली का?"

कुणीतरी हुंदका दाबला. ती थांबली नाही.

"मी तुमच्या गाडीत कधी झोपले नाही. तुम्हाला वाटलं, मला भीती वाटते. नाही, तामा. तुमच्यासारखं चालवणारं माणूस या रस्त्यावर दुसरं नव्हतं. ते मला लहान असतानाच कळलं होतं. मी तुमचे हात बघत होते. झोपले असते, तर तेवढा वेळ बघायचं राहून गेलं असतं."